आमचा खंडू रात्रभर फिरतो: म्हाताऱ्या कुत्र्याचा स्मृतिभ्रंश, आणि पुढे काय?

रानजाई | ९ सप्टेंबर २०२५, पहाटे ३:१०

बरेच दिवस लिहू की नको करत होते. आत्ता खंडू सोप्यात चकरा मारतोय, त्याच्या नखांचा फरशीवर टक टक आवाज येतोय. झोप लागणार नाहीच, तर लिहूनच टाकते.

आम्ही वाईला राहतो. घरात मी, नवरा आणि माझी आई. खंडू २००९ च्या चंपाषष्ठीला आमच्या दारात आला. मूठभर पिल्लू, गटारात पडून चिंब झालेलं. आमचं कुलदैवत पालीचा खंडोबा, त्यात दिवस तो, म्हणून आईनं नाव ठेवलं खंडू. गावठीच आहे. तांबूस रंग, एक कान पडका. येत्या चंपाषष्ठीला घरात येऊन सोळा वर्षं होतील त्याला.

गेल्या दिवाळीनंतर बारीकसारीक गोष्टी दिसायला लागल्या. दार उघडायचं असलं की बिजागरीच्या बाजूला जाऊन उभा राहायचा, वाट तिथूनच उघडणार असल्यासारखा. आम्हाला वाटलं नजर कमी झाली. मग एकदा लोखंडी कपाटामागे शिरला आणि मागे कसं फिरायचं हेच त्याला सुचेना. भिंतीला नाक लावून नुसता उभा. मी हाका मारत घरभर, परसात, रस्त्यावर शोधत होते आणि तो पाऊण तास तिथेच होता. कुठलीही धडपड नाही, कण्हणं नाही. ते बघून माझ्या पोटात कालवलं.

उन्हाळ्यात घरात शू व्हायला लागली. पंधरा वर्षांत ज्यानं कधी घर घाण केलं नाही, तो आता झाल्यावर तिथेच उभा राहतो. दिवसभर झोपतो. दिवेलागण झाली, आईनं तुळशीपाशी दिवा लावला, की याचं कण्हणं सुरू. मग गोल गोल फिरणं, नेहमी डावीकडूनच. रात्री एक ते चार भुंकतो. कुणाकडे बघून नाही, कशासाठी नाही, एकसुरी. विसर्जनाच्या रात्री डीजेचा दणका झाला, तेव्हापासून फारच वाढलंय.

शेजारी समजूतदार आहेत, पण त्यांची मुलगी दहावीला आहे. एका डॉक्टरांकडे नेलं होतं. त्यांनी हातही न लावता सांगितलं, वय झालंय, म्हातारचळ आहे, म्हणाल तेव्हा सुई देतो. पुण्यातला भाऊ म्हणतो, त्याचे हाल संपवा. आई म्हणते खंडोबाचं कुत्रं आहे, मी जिवंत आहे तोवर त्याला सुई लागणार नाही. आणि मी या दोघांच्या मध्ये.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. रात्र कशी काढायची? आणि वेळ आली हे कसं ओळखायचं? आईच्या हातची दुधात कुस्करलेली भाकरी तो अजून खातो. तिचा हात ओळखतो. म्हणून काही ठरवता येत नाही.

---

तेजू_डोंबिवली | ९ सप्टेंबर, सकाळी ७:४५

रानजाई, आमच्या शेरूचं (लॅब्रेडोर, १३ वर्षं) अगदी हेच होतं. ते कपाटामागे अडकणं वाचून डोळ्यांत पाणी आलं. आम्हाला उपयोगी पडलेलं सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे फरशी. म्हाताऱ्या कुत्र्याचे मागचे पाय घसरतात, एकदा पडला की तो घाबरतो, घाबरला की जास्त फिरतो. आम्ही सतरंज्या घातल्या तर त्याच सरकायला लागल्या. मग खाली रबरी जाळी टाकली, ती आपण ओट्याच्या ड्रॉवरमध्ये अंथरतो ना, तीच. त्याच्या पाण्यापासून अंथरुणापर्यंत आणि तिथून दारापर्यंत पट्टा केला. दोन दिवसांत तो त्या पट्ट्यावरूनच चालायला लागला. नखंही कापून घ्या. टक टक आवाज येतोय म्हणजे वाढली आहेत, त्यानंही पाय घसरतो.

कपाटामागची, फ्रिजमागची, पलंगाखालची फट जुन्या उशा कोंबून बंद करा. घरातलं सामान अजिबात हलवू नका. आम्ही नवीन सोफा आणला आणि शेरू तीन दिवस भिंतीला धरून चालत होता. रात्री झीरोचा दिवा लावून ठेवा. अंधारात त्यांना जास्त भोवंडल्यासारखं होतं.

आणि मागून जाऊन हात लावू नका. आधी जमिनीवर पाय हलकेच आपटा. ऐकू येत नसलं तरी त्यांना फरशीतून कळतं.

---

पशुवैद्य_करवीर | ९ सप्टेंबर, रात्री ९:२०

मी छोट्या प्राण्यांचा पशुवैद्य आहे, कोल्हापूर भागात. न तपासता औषध सांगणार नाही, पण थोडं सविस्तर लिहितो.

तुम्ही लिहिलेली लक्षणं कॉग्निटिव्ह डिसफंक्शनची आहेत, कुत्र्यांचा स्मृतिभ्रंशच म्हणा. दिशा चुकणं, माणसांशी वागण्यात फरक, दिवस-रात्रीची उलटापालट, घरात शी-शू, निरर्थक फिरणं आणि विनाकारण भीती. अल्झायमरमध्ये माणसाच्या मेंदूत बीटा अमायलॉइड नावाचं जे प्रथिन साठतं, तेच यांच्याही मेंदूत साठतं. हा आजार आहे. त्याला 'म्हातारचळ' म्हणून सोडून देणं मला पटत नाही. तो दुर्मीळही नाही. अमेरिकेत २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ११ ते १२ वर्षांच्या कुत्र्यांपैकी २८ टक्क्यांत आणि १५ ते १६ वर्षांच्या कुत्र्यांपैकी ६८ टक्क्यांत यातलं एकतरी लक्षण आढळलं होतं.

पण या आजाराची अशी एखादी रक्ततपासणी नाही. बाकीचं सगळं वगळत वगळत तिथे पोचावं लागतं, आणि ते वगळणं तुमच्या बाबतीत झालेलंच नाही. घरात शू होते ती विसरल्यामुळे की मूत्रमार्गात जंतुसंसर्ग आहे म्हणून? रात्री उठतो तो गोंधळून की पाठ दुखते म्हणून? मूत्रपिंड, साखर, थायरॉइड, रक्तदाब, डोळे, दात, सांधे, लघवी हे सगळं तपासा. दुखणारा म्हातारा कुत्रा क्वचितच केकाटतो. तो फिरतो, धापा टाकतो, झोपत नाही. कायम डावीकडूनच फिरतो हे मला खटकलं. एकाच बाजूनं फिरण्यामागे कधी कानाचं आतलं दुखणं असतं, कधी मेंदूत गाठ असते. डॉक्टरांना हे मुद्दाम सांगा. शक्य असेल तर मोबाइलवर रात्रीचं चित्रीकरण करून न्या. दवाखान्याच्या टेबलावर कुत्रा वेगळाच वागतो.

औषधं आहेत. बरा होणार नाही, पण बरे दिवस वाढवता येतात. सेलेजिलिन हे माणसांना पार्किन्सनसाठी देतात तेच औषध अमेरिकेत १९९८ पासून कुत्र्यांच्या या आजारासाठी मान्य आहे. गुण यायला काही आठवडे लागतात. ते सुरू असताना गोचिडांसाठीचं अमिट्राझ अंगाला लावायचं नाही आणि ट्रामाडॉल हे वेदनाशामक द्यायचं नाही. आपल्याकडे गोचिडांचं औषध लोक विचारल्याशिवाय आणून लावतात, म्हणून मुद्दाम सांगतोय. झोपेसाठी, भीतीसाठी, वेदनेसाठी वेगळी औषधं असतात.

आणि हात जोडून विनंती, घरातली पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन देऊ नका. माणसांच्या गोड सिरपांत आणि चघळायच्या गोळ्यांत झायलिटॉल नावाचा साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ असू शकतो, तो कुत्र्याला विष आहे.

---

चिंतामणी६८ | १० सप्टेंबर, सकाळी ६:३०

वाचून वाईट वाटले. माझे मत थोडे वेगळे आहे. जन्म आपण दिला नाही, तर मरणही आपण देऊ नये. आमच्या लहानपणी गावात कुत्री म्हातारी व्हायची, गोठ्याच्या कोपऱ्यात बसायची, एक दिवस जायची. आपल्या आईंचे म्हणणे मला पूर्ण पटते. सेवा करावी, बाकी त्याच्यावर सोपवावे.

---

सह्यभटक | १० सप्टेंबर, सकाळी ११:०५

चिंतामणीकाका, तुमच्या भावनेचा आदर ठेवून, माझं घडलेलं सांगतो. आमचा ब्रूनो जर्मन शेफर्ड. शेवटी मागचे पाय गेले. मीही तुमच्यासारखंच म्हणत होतो, आपण कोण ठरवणारे. पावसाळ्याचे दिवस होते. तो एका कुशीवर पडून असायचा, मी सकाळी कूस बदलून कामावर जायचो. मांडीला जखम झाली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वास आला म्हणून केस बाजूला केले, तर अळ्या पडलेल्या. मी हातानं वेचल्या. तो माझ्याकडे बघत होता आणि शेपटीचं टोक हलवत होता.

त्यानंतरही मी बारा दिवस थांबलो. कुणासाठी थांबलो, हे आज विचाराल तर माझ्यासाठी. त्याच्यासाठी त्या बारा दिवसांत काहीही नव्हतं.

गोठ्याच्या कोपऱ्यातलं कुत्रं 'आपोआप' जायचं ते कसं जायचं, हे आपल्यापैकी कुणी बसून पाहिलंय?

---

चिंतामणी६८ | १० सप्टेंबर, दुपारी ४:१५

नाही पाहिले. खरे आहे तुमचे. विचार करतो.

---

माधवी_सिएटल | ११ सप्टेंबर, सकाळी ८:००

आमच्या मांजराच्या वेळी इथल्या पशुवैद्यांनी एक तक्ता दिला होता. अ‍ॅलिस व्हिलालोबोस नावाच्या अमेरिकन पशुवैद्यांनी केलेला आहे, इथे बरेच जण वापरतात. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टी. प्रत्येकीला दहापैकी गुण. बेरीज ३५ च्या वर असेल तर जगणं बरं चाललंय असं धरतात. गुण देताना माझे आणि नवऱ्याचे आकडे कधीच जुळायचे नाहीत. पण त्या निमित्तानं आम्ही रोज तिच्याकडे नीट बघायला लागलो.

---

रानजाई | २३ सप्टेंबर, रात्री १०:३०

सगळ्यांचे आभार. उशिरा लिहितेय.

साताऱ्याच्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या त्याच्याबरोबर खाली फरशीवर बसल्या, अर्धा तास. लघवीत जंतुसंसर्ग निघाला. पाठीच्या मणक्यांत संधिवात आहे, तिथे बोट दाबलं तेव्हा तो वळून बघायला लागला. थायरॉइड, साखर ठीक. मूत्रपिंडं वयाच्या मानानं चालतील अशी. कान स्वच्छ आहेत. मेंदूत गाठ असू शकते म्हणाल्या, पण त्यासाठी भूल देऊन एमआरआय करावं लागेल आणि निघाली तरी या वयात शस्त्रक्रिया कोण करणार. नको म्हटलं आम्ही.

प्रतिजैविकाचा कोर्स झाला आणि घरातली शू जवळजवळ थांबली! म्हणजे चार महिने तो आगीनं तळमळत होता आणि आम्ही म्हणत होतो विसरला. हे मला फार लागलंय.

वेदनेसाठी आणि झोपेसाठी गोळ्या सुरू आहेत. तेजू, रबरी जाळी टाकली, फार फरक पडला. नखं कापली. सकाळी कोवळ्या उन्हात नवरा त्याला घाटापर्यंत नेतो, जाताना-येताना वीस-वीस मिनिटं, बरंचसं उभं राहून हुंगणंच. दुपारी भाकरीचे तुकडे गोधडीच्या घड्यांत लपवून ठेवते, ते नाकानं शोधत बसतो. दुपारची झोप कमी झाली तशी रात्रीची थोडी वाढली. आता एकदाच उठतो, अडीचच्या सुमाराला. आई तिच्या पलंगाखाली हात सोडून झोपते, तो येऊन हात हुंगतो आणि परत पडतो.

तो तक्ता मी आईला वाचून दाखवला. आई गुण वगैरे देणार नाही. पण दुसऱ्या दिवशी बघते तर भिंतीवरच्या कालनिर्णयवर तारखेच्या चौकोनात कुंकवाचं बोट. म्हणाली, "आज त्यानं मला दारापर्यंत सोबत केली. चांगला दिस." वाईट दिवशी काजळाचं बोट लावते. दहा दिवसांत आठ कुंकवाची आहेत.

---

तेजू_डोंबिवली | २३ सप्टेंबर, रात्री ११:००

आईंना माझा नमस्कार सांगा.

---

कोकणकडा | २४ सप्टेंबर, दुपारी १:४०

थोडं विषयाला सोडून, पण कुणाच्या उपयोगी पडेल. आमच्या चौदा वर्षांच्या कुत्रीची एके सकाळी मान एकदम वाकडी झाली, डोळ्यांची बुबुळं इकडून तिकडे भराभर हलायला लागली, उभी राहिली की कोसळायची. आम्हाला वाटलं लकवा झाला, संपलं. घरातले रडायला लागले. डॉक्टर म्हणाले घाई करू नका, म्हाताऱ्या कुत्र्यांत तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचा हा झटका येतो आणि बऱ्याचदा आपोआप ओसरतो. भरवलं, टॉवेलची झोळी पोटाखालून घालून बाहेर नेलं. दोन आठवड्यांत चालायला लागली, मान जरा तिरकी राहिली. पुढे वर्षभर जगली. त्या सकाळी आम्ही सुई देऊन बसलो असतो.

---

पशुवैद्य_करवीर | २४ सप्टेंबर, रात्री ८:५०

कोकणकडा, हे लिहिलंत ते फार चांगलं केलंत. अचानक आलेलं बरंच काही उतरतं. स्मृतिभ्रंश मात्र हळूहळू येतो आणि मागे फिरत नाही.

रानजाई, संसर्ग बरा झाला याचा आनंद आहे. मन खाऊ नका. ते कुणाच्याही लक्षात आलं नसतं, आणि ज्यांनी बघायला हवं होतं त्यांनी बघितलं नाही.

दिवाळी जवळ येतेय म्हणून एक सांगतो. फटाक्यांसाठी एसीप्रोमाझिन हे जुन्या पद्धतीचं गुंगीचं औषध नुसतं देऊ नका, कुणी सुचवलं तरी आधी विचारा. त्यानं शरीर ढिलं पडतं, भीती आत तशीच राहते. भीती कमी करणारी औषधं वेगळी आहेत, आठवडाभर आधी एकदा देऊन बघायची. आतली खोली, खिडक्यांवर गोधड्या, पंख्याचा आवाज, जवळ माणूस.

---

रानजाई | २८ ऑक्टोबर, दुपारी ३:२०

दिवाळी निघाली. नरकचतुर्दशीच्या पहाटे सगळ्या आळीत फटाके सुरू होते, आम्ही माजघरात त्याच्याभोवती बसलो होतो. औषधामुळे तो झोपेत होता, पण प्रत्येक आवाजाला कातडी थरथरायची. आईनं अभ्यंगाचं तेल त्याच्याही पंजांना लावलं.

पण त्यानंतर काहीतरी सुटल्यासारखं झालंय. वाटी समोर ठेवली तर वाटीकडे बघत राहतो. तोंडाला लावली की खातो. काल भरवताना मध्येच चावणं थांबलं, घास तोंडात तसाच. मागचा भाग उचलायला टॉवेल लागतो. डायपर बांधतो आता, लहान मुलांचेच, शेपटीला भोक पाडून. दर तीन तासांनी कूस बदलतो. सह्यभटक, तुमचं लिहिलेलं डोळ्यांसमोर असतं, रोज केस बाजूला करून अंग बघते. जखम होऊ दिलेली नाही.

कॅलेंडरवर या महिन्याच्या शेवटाला कुंकू आणि काजळ निम्मं निम्मं आहे. मी आईशी बोलत नाही त्यावर. तीही बोलत नाही. दोघी जाता-येता बघतो.

डॉक्टरसाहेब, एक विचारायचं आहे. तशी वेळ आलीच तर नेमकं काय करतात? त्याला काय कळतं? मला आधी माहीत असलेलं बरं.

---

पशुवैद्य_करवीर | २८ ऑक्टोबर, रात्री १०:१५

विचारलंत हे बरं केलंत. लोक विचारत नाहीत आणि मग त्या क्षणी जे दिसतं ते आयुष्यभर डोळ्यांसमोर राहतं.

शक्य असेल तर डॉक्टरांना घरी बोलवा. आधी स्नायूत गुंगीचं इंजेक्शन, लसीच्या वेळी टोचतं तेवढंच टोचतं. पाच-दहा मिनिटांत गाढ झोप लागते. डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा की हे पहिलं इंजेक्शन हवंच. ते लागू झाल्यावर पुढचं त्याला काही कळत नाही. मग पुढच्या पायाच्या शिरेत सुई बसवून भुलीच्या औषधाचा मोठा डोस देतात. आधी श्वास, मग हृदय, एक-दोन मिनिटांत. शस्त्रक्रियेला देतात त्याच जातीचं औषध, फक्त जास्त.

डोळे उघडे राहतात, मिटवले तरी उघडतात. शू होऊ शकते, खाली जुनं कापड ठेवा. थोड्या वेळानं एखादा मोठा श्वास घेतल्यासारखं होतं, ओठ हलतात. तो गेलेला असतो, ते नुसते स्नायू असतात. हे माहीत नसलं की माणसं हादरतात, 'जिवंत आहे' म्हणून ओरडतात.

त्याच्याजवळ कुणी थांबावं का, असं बरेच जण विचारतात. माझ्या अनुभवात कुत्रं शेवटी दारात आपलं माणूस शोधतं. थांबवत असेल तर थांबा. नाही थांबवलं तर स्वतःला दोष देऊ नका.

पुरायचं असेल तर निदान चार फूट खोल, विहिरीपासून आणि ओढ्यापासून लांब. औषध शरीरात राहतं, दुसऱ्या कुत्र्यांनी, घारी-कावळ्यांनी उकरता कामा नये.

---

निवांत_गिरगाव | २९ ऑक्टोबर, सकाळी ९:३०

मुंबईकरांसाठी: महापालिकेनं २०२३ मध्ये मालाडला छोट्या प्राण्यांसाठी गॅसवरची दहनभट्टी सुरू केली आहे, तिथे पैसे घेत नाहीत. आमच्या आजोबांच्या वेळी परळच्या बैलघोडा हॉस्पिटलाशिवाय काही माहीतच नव्हतं.

रानजाई, माझ्या आईला स्मृतिभ्रंश आहे. माणसांचा. तुमच्या धाग्यातली दिवेलागणीची गोष्ट वाचली आणि दचकलो. ती पण त्याच वेळी 'मला घरी सोडा' म्हणायला लागते, घरातच असून. दिवे थोडे लवकर लावायला सुरुवात केली, बाहेर उजेड आहे तेव्हाच. अंधार पडताना तिला कळू नये म्हणून. फरक पडला. खंडूसाठी करून बघा.

---

रानजाई | २ नोव्हेंबर, रात्री ९:००

साडेपाचलाच दिवे लावतोय. कण्हणं कमी झालंय, खरंच. निवांत, तुमच्या आईंना सांभाळा.

---

रानजाई | २१ नोव्हेंबर, सायंकाळी ७:३०

खंडू परवा गेला. बुधवारी सकाळी.

मागच्या आठवड्यात आई त्याला भरवायला बसली आणि तो तिच्या हातावर गुरगुरला. सोळा वर्षांत कधी नाही. चावला नाही, पण दात दिसले. आईनं हात मागे घेतला नाही, तसाच धरून ठेवला, त्यानं हुंगायचं म्हणून. त्यानं हुंगला आणि मान फिरवून भिंतीकडे बघायला लागला. आईनं त्या दिवशी काजळ लावलं. सलग नववं.

रात्री मी डायपर बदलत होते तेव्हा मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, "त्याला आता समदी परकी झाली. परक्यांच्यात किती दिस ऱ्हायाचं त्यानं? फोन कर तुझ्या डॉक्टरीणबाईला."

भाऊ पुण्याहून आला. त्याला वाटत होतं चंपाषष्ठीपर्यंत थांबावं, सव्वीसला आहे, सोळा वर्षं पुरी होतील. जो सुरुवातीपासून 'संपवा' म्हणत होता तोच थांबा म्हणायला लागला. आईनं ऐकलं नाही. "तिथी आपल्याला हाय, त्याला न्हाई."

परसात शेवग्याखाली ऊन येतं तिथे गोधडी घातली. आईनं कपाळाला भंडारा लावला, पडक्या कानावर थोडा सांडला. दुधात भाकरी कुस्करून आणली होती, त्यानं नुसतं दूध चाटलं, दोनदा. पहिल्या इंजेक्शननंतर त्याची मान हळूहळू खाली आली आणि तो आडवा झाला, चारी पाय लांब सोडून. असा तो लहानपणी झोपायचा. गेले कित्येक महिने मी त्याला असं झोपलेलं पाहिलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी दहा मिनिटं तसंच झोपू दिलं, घाई केली नाही. मग दुसरं.

डोळे उघडे राहिले. थोड्या वेळानं तो मोठा श्वास आला. भाऊ उठून उभा राहिला, मी त्याला खाली बसवलं आणि सांगितलं, हे असं होतं. करवीर डॉक्टर, तुम्ही ते लिहिलं नसतं तर मीही ओरडले असते.

खड्डा नवऱ्यानं आणि भावानं खणला. चार फुटांना दगड लागला, पहार घेऊन पुढे खणला. पांढऱ्या धोतराच्या पानात गुंडाळला, बाबांचं होतं.

आईनं कालनिर्णय उतरवून ठेवलाय. काल अडीच वाजता मला जाग आली तर पलंगाखाली तिचा हात सोडलेला होता.

---

सह्यभटक | २१ नोव्हेंबर, रात्री ८:१०

वेळेवर केलंत ताई.

---

चिंतामणी६८ | २१ नोव्हेंबर, रात्री ८:४०

आपल्या आईंना माझा साष्टांग नमस्कार. मी सुरुवातीला जे लिहिले होते ते आज तसे लिहिणार नाही.

---

रानजाई | २३ नोव्हेंबर, सकाळी १०:१५

सगळ्यांचे प्रतिसाद आईला वाचून दाखवले.

एक विचारायचं राहिलं. डायपरची तीन पाकिटं न फोडता राहिली आहेत, रबरी जाळीचा गुंडाळा आहे, आणि मऊ पट्ट्याची झोळी आहे, ती मागचे पाय उचलायला फार छान आहे. गोळ्या परत केल्या डॉक्टरीणबाईंना. कुणाला हवं असेल तर कुरिअरनं पाठवते.

---

वसुधा_मिरज | २३ नोव्हेंबर, दुपारी १२:३०

मी आजवर इथे नुसती वाचत होते. आमची चिंगी चौदाची आहे, पाच-सहा दिवसांपासून दाराच्या बिजागरीपाशी जाऊन उभी राहते. उद्या लघवी तपासायला नेतेय. झोळी आणि जाळी चालेल मला. डायपर कुठल्या मापाचे आहेत? चिंगी बारीक आहे, नऊ किलो.

---

रानजाई | २३ नोव्हेंबर, दुपारी १२:५०

मोठे आहेत, पण बाजूनं दुमडून चिकटपट्टी लावली की बसतात. पत्ता व्यक्तिगत निरोपातून पाठवा, उद्याच टाकते. आणि वसुधाताई, रात्रीचं चित्रीकरण करून न्या.